तीन स्टुलं एकावर एक

आईचे गुडघे गेली सहा-सात वर्षं कुरकुरतायत, त्यामुळे तिला खाली बसता येत नाही, आणि व्हिएतनाममधल्या हनोईत रस्त्यावर खायचं म्हणजे जवळजवळ खालीच बसायचं असतं. तिथलं ते प्लास्टिकचं स्टूल बघितलं नसेल तर सांगते, आपल्या मोरीत कपडे धुवायला बसतो ना तेवढं, वीत-दीड वीत उंच, लाल नाहीतर निळं, आणि टेबल म्हणून पुढ्यात त्याच्यापेक्षा चार बोटं उंच असं दुसरं काहीतरी. निघायच्या आधी दोन महिने मला व्हिसाची काळजी नव्हती (पंचवीस डॉलर भरले की ऑनलाइन होतो), पाच तासांच्या फ्लाइटची नव्हती, फक्त एवढीच होती की आई बसणार कुठे. हॉटेलं होतीच की, खुर्च्यावाली, एसीवाली. पण मला आईला जे दाखवायचं होतं ते त्या खुर्च्यांवर बसून दिसणारं नव्हतं.

पहिल्या सकाळी साडेसहाला आम्ही खाली उतरलो. राहायची जागा जुन्या शहरात, होआन किएम तळ्यापासून पायी दहा मिनिटांवर. तिथले रस्ते पूर्वी तिथे काय विकलं जायचं त्या नावाने ओळखतात, चांदीचा रस्ता, साखरेचा रस्ता, आई म्हणाली म्हणजे आपल्या पुण्यातल्या तांबट आळीसारखंच की. तर अशाच एका रस्त्याच्या तोंडाशी एक बाई बसली होती, पुढ्यात दोन मोठी पातेली, दोन्हींच्या तोंडावर ताणून बांधलेलं पांढरं कापड, कापडातून वाफ. ती पळीभर पातळ पीठ कापडावर ओतायची, पळीच्या बुडानेच गोल पसरवायची, वर झाकण, तोवर दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण उघडायची आणि बांबूची एक लांब चपटी पट्टी त्या शिजलेल्या पापुद्र्याखाली सरकवून तो अख्खा उचलायची, ओल्या मलमलीसारखा लोंबणारा, पलीकडचं बोट दिसेल इतका पातळ. थाळ्यावर टाकला की तिच्या शेजारची दुसरी बाई त्यात सारण भरून गुंडाळून कात्रीने तुकडे करून वर तळलेला कांदा पेरायची.

आई उभीच राहिली. मग म्हणाली, "अगं ही तर सालपापडी."

आणि खरंच की. तांदळाचं आंबवलेलं पीठ छोट्या ताटल्यांवर पसरून, स्टँडला लावून वाफवायचं, मग टाचणीने कडेने सोडवून उन्हात वाळत घालायचं, ते आपल्याकडचं उन्हाळ्यातलं काम. वाळायच्या आधी आम्ही पोरं ओलीच मटकवायचो, वरून कच्चं तेल आणि तिखट. हनोईत तिला बान कुऑन म्हणतात, आणि वाळवायच्या भानगडीत कोणी पडत नाही, सगळी ओलीच संपते. आत एरवी डुकराचा खिमा आणि काळे अळंबे असतात. आई मासे-कोंबडी खाते पण हे नाही, म्हणून मी फोनवर ट्रान्सलेट करून दाखवलं, तर त्या बाईने फक्त एक अंडं उचलून भुवया वर केल्या. पापुद्र्यावर अंडं फोडून तसंच दुमडून देतात, तोही तिथला नेहमीचा प्रकार. आई हो म्हणाली.

आता बसायचं. आई त्या स्टुलाकडे बघत होती आणि मी आजूबाजूला एखादी पायरी दिसते का बघत होते, तेवढ्यात त्या बाईने हात थांबवला नाही, पातेल्यावरची नजरही फारशी हलवली नाही, पण शेजारच्या पोराला काहीतरी म्हणाली, तो आतून दोन स्टुलं घेऊन आला, पहिल्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं, एकात एक घट्ट बसवली, हाताने दाबून बघितली आणि आईला हाताने बस म्हणाला. बरोबर आमच्या घरच्या खुर्चीएवढी झाली नाही पण गुडघ्यांना चालेल एवढी झाली. आईने बशी मांडीवर घेतली. माझ्या दोन महिन्यांच्या काळजीला तिने एक मिनिट दिलं असेल.

एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आईने बावीस वर्षं डबे केले. १९९३ ते २०१५, डोंबिवली पूर्वेला, दोन खोल्यांत. बाबांची कंपनी बंद पडली तेव्हा सुरू केले आणि माझ्या भावाला नोकरी लागून चार वर्षं झाल्यावर बंद केले. चार पोळ्या, भाजी, आमटी, भात, सुरुवातीला महिना साडेतीनशे रुपये. त्यामुळे कोणी काही स्वस्त देत असेल तर मला आधी त्याची चव दिसत नाही, पहाटे कोण उठलं असेल ते दिसतं. आईला तर त्याच्याही पुढचं दिसतं, पिठाचा भाव, गॅस, उरलेलं काय करतात. म्हणून मला तिला घेऊन यायचं होतं. व्हिएतनाममधलं स्वस्त खाणं म्हणून जे सगळे वाखाणतात ते एकदा तिच्या नजरेने बघायचं होतं.

तर स्वस्त म्हणजे किती. तिथलं चलन डोंग, आणि शून्यंच इतकी की पहिला दिवस भांबावल्यासारखं होतं. आम्ही गेलो तेव्हा, नोव्हेंबर २०२४ मध्ये, रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळत होते. मागची तीन शून्यं काढायची, तीनाने गुणायचं आणि थोडे वर धरायचे. बान कुऑनची प्लेट चाळीस हजार म्हणजे एकशे तीस-पस्तीस रुपये. चिकनचा फो, म्हणजे गरम रश्श्यातल्या भाताच्या शेवया, पन्नास हजार, एकशे पासष्टच्या आसपास. बान मी, म्हणजे फ्रेंचांच्या काळातला लांब पाव, पण आत गाजर-मुळ्याचं आंबट लोणचं, कोथिंबीर, मिरची आणि सारण, तो पंचवीस हजार. बर्फ घातलेला चहा पाच हजार, सोळा-सतरा रुपये. हे बघून कोणी म्हणेल की आपला वडापाव यापेक्षा स्वस्त आहे, आणि ते खरंच आहे, आपल्याकडचं रस्त्यावरचं खाणं त्याहून स्वस्त आहे. पण वडापावने भूक मारली जाते. तिथे दीडशे रुपयांत एक पूर्ण जेवण येतं, गरम रस्सा, भाताच्या शेवया, आणि सोबत एक टोपली भरून ताजा पाला. पाला म्हणजे काय, तर तुळशीच्या जातीचा एक, पुदिना, एका बाजूने हिरवं आणि दुसऱ्या बाजूने जांभळं असलेलं एक पान, लांबट दातेरी पानांची कोथिंबीर, कोवळं लेट्यूस. हवा तेवढा घ्या, संपला की आणखी देतात. आई त्या टोपलीकडे बघून म्हणाली, एवढा पाला निवडून धुवायलाच एक बाई लागेल. माझ्या डब्यात आठवड्यातनं दोनदा पालेभाजी द्यायचे तर निवडताना रात्रीचे अकरा वाजायचे.

दुपारी मी बुन चा खाल्लं, आई शेजारी बसून उकडलेलं मक्याचं कणीस खात होती. बुन चा म्हणजे कोळशावर भाजलेले डुकराच्या खिम्याचे छोटे चपटे गोळे आणि पातळ तुकडे, ते आंबटगोड कोमट पाण्यात टाकून देतात, त्यात कच्च्या पपईच्या चकत्या, बाजूला शेवया आणि पाला. हे ते जेवण जे ओबामांनी २०१६ च्या मे महिन्यात टीव्हीवरचे अमेरिकन शेफ अँथनी बोर्डेन यांच्यासोबत हनोईतल्या एका साध्या दुकानात अशाच स्टुलावर बसून खाल्लं होतं, बिल झालं होतं सहा डॉलर, आणि ते टेबल त्या दुकानाने नंतर काचेत बंद करून ठेवलंय. आम्ही तिकडे गेलो नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका वायरच्या जाळीत मांस धरून पुठ्ठ्याने कोळसे वारत बसलेले, धूर अर्ध्या रस्त्यावर, तिथेच मिळालं, आणि मला त्यापेक्षा चांगलं काही असेल असं वाटलं नाही. त्या आंबटगोड पाण्यात जी खोल खारट चव असते ती न्योक मामची, माशांच्या पाण्याची. छोटे मासे आणि मीठ मोठाल्या पिंपांत भरून वर्षभराच्या आसपास ठेवतात आणि जे पाझरतं ते. आईने बोट बुडवून चाटलं आणि म्हणाली सुकटीचा वास घरात आला की शेजारी दार लावतात, इथे सगळा देशच त्यावर जेवतो, बरं आहे.

दोन-तीन दिवसांत आईला त्या धंद्याचं गणित कळायला लागलं आणि ती मला समजावू लागली. पहिलं म्हणजे एका जागी एकच पदार्थ. फोवाली बुन चा करत नाही, बान कुऑनवाली फो करत नाही. त्यामुळे बाजारातून काय आणायचं ते डोळे मिटून ठरतं, काही उरत नाही, हात त्याच एका कामाला इतका बसलेला असतो की वेळ वाया जात नाही. दुसरं, जागा. हनोईतली जुनी घरं रुंदीला अगदी अरुंद आणि आत लांबच लांब, आणि पुष्कळ जणी आपल्याच घराच्या दारात बसतात, मागे नवरा टीव्ही बघतोय, सासूबाई पाला निवडतायत, पोरगं तिथेच अभ्यास करतंय. तिसरं, वेळ. साडेसहाला मांडायचं, साडेनऊला शेवटची प्लेट, दहाला फुटपाथ धुऊन काढायचा, आणि त्याच जागेवर अकरा वाजता दुसरीच कोणीतरी भाताचं दुकान मांडते. "मला हे कळायला हवं होतं," आई म्हणाली. "मी सोमवार ते शनिवार सहा वेगळ्या भाज्या करत बसले." मला त्याचं वाईट वाटलं, पण तिने ते वाईट वाटून घेऊन म्हटलं नव्हतं, एखादी सुगरण दुसरीची रीत बघून म्हणते तसं म्हटलं.

हाक मारायची पद्धत आम्हाला आमच्या रिसेप्शनवरच्या मुलाने शिकवली. तिथे रोजच्या बोलण्यात समोरच्याला नातं लावल्याशिवाय बोलताच येत नाही. आपल्याहून थोडी मोठी असेल तर चि, म्हणजे ताई, आईच्या वयाची असेल तर को, म्हणजे आत्या-मावशी, आपल्याहून लहान असेल तर एम, आणि पुढे ओय, आपल्या 'अगं', 'अहो'सारखं. मी बान कुऑनवालीला चि ओय म्हणायचे. आईने पहिल्या दिवशी हौसेने को ओय म्हटलं तर आजूबाजूचे सगळे हसले, कारण आई सदुसष्टची आणि ती बाई पंचेचाळीसची, तिला मावशी कसं म्हणणार. मग एम ओय. त्यानंतर आई सगळ्या शहराला एम ओय म्हणत फिरली, आणि मला नेहमी वाटतं की भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या माणसाला या देशात परकं वाटायचं कारणच नाही.

चौथ्या दिवशी मात्र एक गोष्ट झाली. संध्याकाळची वेळ, आम्ही एका कोपऱ्यावर चा दा पीत बसलो होतो, तोच बर्फाचा चहा, चहाला तिकडे चाच म्हणतात. चहावाली साठीची, तिचं सगळं दुकान म्हणजे एक थर्मास, एक बर्फाची पेटी, सूर्यफुलाच्या बियांचा डबा आणि दहा-बारा स्टुलं. अचानक लांबून कर्ण्याचा आवाज आला आणि रस्त्यावरच्या प्रत्येक बाईची मान एकाच दिशेला वळली. वॉर्डाची गाडी. फुटपाथ अडवणाऱ्यांचं सामान उचलून नेतात. २०१७ साली हनोईत आणि दक्षिणेतल्या सायगावात फुटपाथ मोकळे करायची मोठी मोहीमच निघाली होती, ती निवळली, पण गाडी अधूनमधून येतच असते. गिऱ्हाइकं आपापला ग्लास हातात घेऊन उभी राहिली, सवयीने, आणि बाई स्टुलं गोळा करायला लागली. मी पर्स शोधत होते. वर बघितलं तर आई नाही. आई दोन्ही हातांत तीन-तीन स्टुलं घेऊन, त्या गुडघ्यांनी, शेजारच्या अंधाऱ्या बोळात निघाली होती.

मी पाचवीत असेन. सोसायटीत कोणीतरी तक्रार केली होती की घरात धंदा चालतो, जिन्यात फोडणीचा वास येतो. एक दिवस निरोप आला की आज कोणीतरी बघायला येणार आहेत. दुपारचे डबे धुऊन पुसून रांगेत लावलेले, चाळीस डबे, ते आईने आणि मी शेजारच्या काकूंच्या पलंगाखाली नेऊन लपवले, पिशव्यांमध्ये, आवाज होऊ नये म्हणून मध्ये मध्ये टॉवेल घालून. आई तेव्हा एक शब्द बोलली नव्हती. बोळातही बोलली नाही. ती स्टुलं भिंतीला लावून त्यांच्यापुढे ओढणी सारखी करत उभी राहिली, चहावाली थर्मास पोटाशी धरून तिच्या शेजारी. गाडी निघून गेली, पाच मिनिटांत रस्ता पहिल्यासारखा झाला. बाईने आम्हाला दुसरा चहा दिला आणि पैसे घेईना. मग आईने दहा हजारांची नोट ग्लासाखाली ठेवली आणि मला म्हणाली, चल पटकन.

त्या रात्री मी तिला फोची एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती पण तोवर सांगावीशी वाटली नव्हती. फो आज सगळ्या जगात गाजलेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हनोईजवळच्या नाम दिन्ह भागाकडून आलेला असं मानतात, हाडांचा रस्सा, त्यात भाजलेलं आलं-कांदा, दालचिनी, चक्रीफूल. पण युद्धाच्या काळात आणि नंतरच्या रेशनच्या वर्षांत मांसच मिळत नव्हतं, तेव्हा सरकारी दुकानांत नुसता रस्सा आणि शेवया मिळायच्या, आणि हनोईची माणसं त्याला 'पायलट नसलेला फो' म्हणायची, वर अमेरिकेची माणसाशिवायची टेहळणी विमानं फिरायची त्यावरून. कुपनं, रांगा, खासगी धंद्याला बंदी नाहीतर बंधनं. १९८६ ला सरकारने धोरण बदललं, त्याला दोइ मोइ म्हणतात, तेव्हा कुठे माणसं उघडपणे आपल्या दारात चूल मांडू लागली. म्हणजे आज जी रस्तोरस्ती चूल दिसते तिला बरीचशी तेव्हापासूनची मोकळीक. आई ऐकत होती. मग तिने बहात्तरच्या दुष्काळातल्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी कशी लागायची ते सांगितलं, दुष्काळात वाटायचे त्या सुकडीचं सांगितलं, ती पंधरा वर्षांची होती तेव्हा, आटपाडीकडे. हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

हनोईहून आम्ही मध्य व्हिएतनाममधल्या होई आनला गेलो. तारीख चौदा नोव्हेंबर. तिथे दर चांद्र महिन्याच्या चतुर्दशीला रात्री जुन्या गावातले विजेचे दिवे बंद करतात, सगळीकडे रंगीत कंदील, आणि नदीत कागदाच्या द्रोणासारख्या दिव्यांत मेणबत्त्या लावून सोडतात. मी हे मुद्दाम ठरवून बुक केलं होतं, पण आपल्याकडे त्या दिवशी काय आहे ते बघितलं नव्हतं. आई पुलावर उभी राहून म्हणाली, आज वैकुंठ चतुर्दशी. उद्या त्रिपुरी पौर्णिमा. कार्तिकातलं दीपदान, आणि समोर दुसऱ्याच देशातली नदी दिव्यांनी भरलेली. दोन्हीकडची तिथी चंद्रावर, त्यात नवल काही नाही, पण आईने हात जोडले आणि मीही जोडले.

दुसऱ्या दिवशी बाजारात प्रत्येक दुकानाच्या दारात उदबत्त्या, फळं, पिवळी फुलं. आणि जिकडेतिकडे पाट्या, ज्यावर एक शब्द होता, उच्चार विचारला तर 'चाय'. आईला वाटलं चहा. निघालं शाकाहारी. तिथले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासे खात नाहीत, त्यामुळे पौर्णिमेला नेहमीच्या फुटपाथवरच्या बायाही शाकाहारी मांडतात. ज्या मराठी माणसांना व्हिएतनामला जायचंय पण खायचं काय म्हणून जात नाहीत त्यांनी हा एक शब्द पाठ करावा, कारण एरवी साध्या दिसणाऱ्या भाजीतसुद्धा माशाचं पाणी असतं, पण जिथे 'चाय' लिहिलंय तिथे ते नसतं. आईला पौर्णिमेचं एकदाच जेवायचं होतं. तीस हजारांत ताट भरून भात, गवती चहाची देठं आणि मिरची घालून परतलेलं टोफू, पालेभाजी, आणि एक तपकिरी रश्श्यातली भाजी जी तिने तोंडात घालताच ओळखली, कुयरी. कोवळा फणस. तिने वाढणाऱ्या आजींना हाताने मोठ्ठा गोल करून दाखवला, अंगावर काटे दाखवले, आजी मान डोलवत हसत होत्या, आणखी दोन फोडी वाढल्या. होई आनमध्ये आणखी काय काय खाल्लं, हळदीच्या भातावरचं कोंबडीचं मांस, तव्यावर चर्र आवाज करणारं बान सेओ जे आपल्या घावनाचं चुलतभावंड आहे, हे सगळं सांगत बसले तर संपणार नाही, आणि फणसाच्या त्या भाजीपुढे मला ते आता नीट आठवतही नाही.

सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह सिटीत, दोनच दिवस होतो. गर्दी अंगावर येते, स्कूटरींचा पूर, एक रात्र माझं पोटही बिघडलं, पण तिथे कोम ताम खायचंच होतं. कोम ताम म्हणजे तुकडा तांदळाचा भात. आपण जिला कणी म्हणतो तीच. गिरणीत तांदूळ सडताना जे तुकडे पडतात ते स्वस्तात विकले जायचे, गरिबांचं खाणं, आणि आज अख्खं सायगाव सकाळी तेच मागून खातं, वर भाजलेलं मांस नाहीतर अंडं, कांद्याच्या पातीचं तेल, लोणचं. अंड्याला ऑप ला म्हणतात, फ्रेंच शब्द झिजून झालेला. पन्नास हजारांत दोघींचं पोट भरलं. तांदळाची कणी आमच्याकडे कोंबड्यांना घालायचे, आई म्हणाली, पण माझी आजी त्यातली निवडून बाजूला काढायची, मऊ होते म्हणून, आजारी माणसाला.

तिथेच शेजारच्या टेबलावर एक परदेशी जोडपं दहा हजार डोंगांवरून घासाघीस करत होतं. तेहतीस रुपये. मला फार राग आला. प्रवासात फसवणूक होते, मान्य आहे, जास्तीचे सांगणारेही असतात, बाहेर भाव लिहिलेला असेल तिथेच खावं, सरळ आहे. पण लिहिलेला भाव समोर असताना, जेवून झाल्यावर, घाम पुसत उभ्या असलेल्या बाईकडून त्यातले तेहतीस रुपये सोडवून घ्यायचे, आणि मग घरी येऊन सांगायचं की किती स्वस्तात फिरलो, हे मला जमणार नाही. माझ्या आईकडेही लोक महिनाअखेरीला म्हणायचे, दोन दिवस गावी गेलो होतो, तेवढे कापून घ्या. ती कापून घ्यायची. तांदूळ तर भिजलेला असायचा.

त्याच्या नेमकं उलटंही झालं. तिथल्या नोटांमध्ये वीस हजारांची निळी आणि पाच लाखांचीही निळीच, दोन्हींवर हो ची मिन्ह, घाईत सहज चुकते. एका उसाच्या रसवालीला, तिकडे रसात छोटं आंबट संत्रं सालीसकट पिळतात, मी सरळ पाच लाखांची दिली. तिने नोट उलटून मागचं चित्र माझ्यासमोर धरलं, मग माझ्या हातातल्या नोटांच्या गठ्ठ्यातून दोन बोटांनी वीस हजारांची ओढून काढली, तिच्यावर होई आनचा जपानी पूल असतो, तोही दाखवला, मोठी नोट परत गठ्ठ्यात खोचली आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने बंद केली. मग उसाचं पुढचं कांडं चरकात घातलं.

परत येऊन दोन महिने झाले होते. आई तिकडे रोज रात्री एका छोट्या वहीत खर्च लिहायची, डब्यांच्या वेळची सवय, मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. एक दिवस तिच्या कपाटात औषधाचं बिल शोधताना ती वही सापडली. तारीखवार सगळं आहे, चहा ५,०००, कणीस १५,०००, चाय जेवण ३०,०००. पण मागच्या पानावर वेगळाच हिशोब होता. वर लिहिलंय, सालपापडीवाली. खाली: प्लेटी अंदाजे ८०, दर ४०,०००, एकूण ३२ लाख, त्यापुढे कंसात आपले १०,६००. मग वजा करत नेलंय, तांदूळ, अंडी, मांस, अळंबे, कांदा-तेल, कोळसा, पाला, मदतीची बाई. प्रत्येकापुढे तिने तिच्या अंदाजाने आकडा टाकलाय, दोन ठिकाणी खोडून परत लिहिलाय. पहाटे उठण्याची वेळ लिहिलीय, साडेतीन. सगळ्यात खाली 'गाडीने सामान नेलं तर' असं लिहून पुढची जागा मोकळी ठेवलीय, आणि त्याच्याखाली 'स्टुलं', पुढे प्रश्नचिन्ह.

मी वही जागेवर ठेवली. आई स्वयंपाकघरात होती. तिने पातेल्याला जुन्या धोतराचं कापड बांधलं होतं, आणि बांबूची पट्टी नाही म्हणून माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी धुऊन ओट्यावर ठेवली होती.